डेटनचं जुनं कोर्ट: त्या सोमवारी न्यायाधीश अंगणात का उतरले?

घाटवाट

चाकणहून इकडे अमेरिकेत, टेनेसी राज्यातल्या चॅटनूगाला येऊन तीन वर्षं झाली. उत्तरेला साठेक किलोमीटरवर डेटन नावाचं छोटं गाव आहे, रे काउंटीचं (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) मुख्यालय. गावाच्या मधोमध लाल विटांचं, घड्याळाच्या मनोऱ्याचं जुनं कोर्ट आहे. 1925 च्या जुलैत शिक्षक जॉन स्कोप्स यांच्यावर उत्क्रांती शिकवल्याचा खटला चालला तो इथेच. 'माकड खटला' या नावाने बऱ्याच जणांना माहीत असेल.

गेल्या शनिवारी शेवटी जाऊन आलो. तळघरात छोटं संग्रहालय आहे, दुसऱ्या मजल्यावर ते दालन. न्यायाधीशांचं मूळ आसन, लाकडी कठडा, ज्युरीच्या खुर्च्या, प्रेक्षकांच्या खुर्च्या, सगळं तेव्हाचंच. खिडक्या उंचच उंच. मी शेवटच्या रांगेत अर्धा तास बसून राहिलो आणि उठवेना. एरवी मी इमारती बघायला जाणारा माणूस नाही.

खटल्याबद्दल खूप लिहिलं गेलंय. मला इमारतीबद्दल बोलायचंय. 1891 साली, इतक्या छोट्या गावात, एवढं मोठं कोर्ट का बांधलं? आणि एक नेमका प्रश्न. खटल्याच्या सातव्या दिवशी, सोमवारी 20 जुलैला, न्यायाधीश जॉन रॉल्स्टन यांनी कामकाज खाली हिरवळीवर नेलं. कुणी म्हणतं उकाड्यामुळे, कुणी म्हणतं गर्दीच्या वजनाने मजला खाली येईल या भीतीने. खरं काय? कुणी तिकडे गेलं असेल, वाचलं असेल, तर लिहा.

मेथीचा_लाडू

वाचतेय. फोटो टाका ना, खिडक्यांचे खास करून.

सह्यकडा

आधी नाव नीट लिहिल्याबद्दल आभार. Rhea हे स्पेलिंग बघून लोक 'ऱ्हीया', 'रिया' काय वाट्टेल ते लिहितात. उच्चार 'रे' असाच आहे. नॉक्सव्हिलला शिकत असताना पहिल्याच आठवड्यात माझी चूक सुधारली गेली. इंग्रजीत 'रे' म्हणजे किरण, म्हणून रे काउंटीत सूर्यप्रकाश भरपूर, असं लक्षात ठेवलं, पुन्हा कधी चुकलो नाही.

जुना_पिंपळ

1891 चं उत्तर लोखंडात आहे. डेटनचं आधीचं नाव स्मिथ्स क्रॉसरोड्स, म्हणजे चार रस्ते एकत्र येतात तेवढीच वस्ती. 1880 च्या सुमारास सिनसिनाटीहून चॅटनूगाला जाणारी रेल्वे इथून गेली आणि चित्र पालटलं. डोंगरात कोळसा, जवळच लोहखनिज, दाराशी रेल्वे. ब्रिटिश भांडवलावर डेटन कोल अँड आयर्न कंपनी उभी राहिली, लोखंड गाळणाऱ्या झोतभट्ट्या पेटल्या, माणसं आली. काउंटीचं जुनं मुख्यालय वॉशिंग्टन नावाच्या दुसऱ्या गावात होतं, ते 1890 च्या सुमारास डेटनला हललं. नव्या मुख्यालयाला नवं कोर्ट हवंच. आपल्याकडे तालुक्याचं ठिकाण बदललं की आधी मामलेदार कचेरी आणि मागोमाग कोर्ट उभं राहतं, तसंच हे.

त्या पिढीला वाटलं गाव वाढतच जाणार. म्हणून तीन मजले, मनोरा, रोमनेस्क (जुन्या युरोपीय धाटणीच्या अर्धगोल) कमानी आणि इटालियन हवेलीची ढब. नॉक्सव्हिलच्या डब्ल्यू. चेंबरलिन अँड कंपनीने आराखडा केला. मला ही इमारत फार आवडते, कारण तिच्यात एका गावाचा स्वतःवरचा विश्वास दिसतो.

पुढे ते टिकलं नाही. 1895 च्या डिसेंबरात खाणीत स्फोट होऊन पंचवीसहून अधिक कामगार गेले. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात कंपनी बुडाली, भट्ट्या विझल्या. 1925 मध्ये गावात सुमारे 1800 माणसं उरली होती. कोर्ट मात्र भरभराटीच्या मापाने बांधलेलं.

घाटवाट

@जुना_पिंपळ, आजोबा, हे जबरदस्त आहे. माझं अर्धं कोडं सुटलं. म्हणजे इमारत तेजीतली आणि खटला मंदीतला.

जुना_पिंपळ

अगदी तसंच. खटला गावाने ओढवून आणला तोही मंदीमुळेच. मार्च 1925 मध्ये टेनेसीत बटलर कायदा झाला: सरकारी शाळेत माणूस खालच्या प्राण्यांपासून उत्पन्न झाला असं शिकवायचं नाही. नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या एका संघटनेने वर्तमानपत्रातून जाहीर केलं की या कायद्याला आव्हान देणाऱ्या शिक्षकाचा खर्च आम्ही उचलू. ते वाचून बंद पडत चाललेल्या खाणीचा व्यवस्थापक जॉर्ज रॅपलिये रॉबिन्सनच्या औषधाच्या दुकानात गेला. तिथल्या टेबलाभोवती ठरलं की खटला आपल्या गावात व्हावा, गाव पुन्हा नकाशावर येईल. दुकानदार रॉबिन्सन हाच काउंटीच्या शाळा मंडळाचा अध्यक्ष. ज्या पुस्तकातला उत्क्रांतीचा धडा वादात आला ते राज्याने मंजूर केलेलं पाठ्यपुस्तक त्याच्याच दुकानात विकायला होतं.

स्कोप्स 24 वर्षांचा, फुटबॉलचा प्रशिक्षक, जीवशास्त्राच्या तासाला बदली शिक्षक म्हणून गेलेला. त्याला टेनिसच्या मैदानावरून बोलावून विचारलं, तयार आहेस का? तो हो म्हणाला.

वकील_चिपळूणकर

नमस्कार. तीस वर्षं दिवाणी कोर्टात वकिली केली, आता मुलगा करतो.

या खटल्यात मला कायम खुपणारी गोष्ट म्हणजे ज्युरी. बारा जण निवडले, पण बहुतेक वेळ त्यांना बाहेरच ठेवलं. शास्त्रज्ञांची साक्ष ग्राह्य धरायची की नाही हा कायद्याचा मुद्दा, तो ज्युरीसमोर मांडायचा नाही. बचावाने देशभरातून शास्त्रज्ञ आणले होते. साक्षीला उभे राहिले ते एकटे प्राणिशास्त्रज्ञ मेनार्ड मेटकाफ, तेही ज्युरी बाहेर असताना. बाकीच्यांची निवेदनं नोंदीत गेली. म्हणजे दालन खचाखच, वार्ताहर शंभराहून जास्त, शिकागोचं डब्ल्यूजीएन रेडिओ केंद्र थेट प्रक्षेपण करतंय, अंगणात ध्वनिक्षेपक लावलेत, सगळ्या देशाने ऐकलं आणि ज्यांनी निकाल द्यायचा त्यांनीच ऐकलं नाही.

शेवटी बचावाचे वकील क्लॅरेन्स डॅरो यांनीच ज्युरीला दोषी ठरवा अशी विनंती केली, कारण त्यांना वरच्या कोर्टात जाऊन कायदाच पाडायचा होता. नऊ मिनिटांत निकाल. दंड 100 डॉलर.

आणि इथे प्रक्रियेचा घोळ झाला. टेनेसीच्या संविधानाप्रमाणे 50 डॉलरवरचा दंड ज्युरीने ठरवायचा असतो. रॉल्स्टन यांनी तो स्वतः ठरवला. जानेवारी 1927 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने नेमक्या याच कारणावर शिक्षा रद्द केली, पण कायदा वैध ठरवला. खटला पुन्हा चालवू नये असंही सुचवलं. त्यामुळे डॅरोंना अपिलाची वाटच उरली नाही. बटलर कायदा रद्द झाला तो थेट 1967 मध्ये. दंडाच्या रकमेवरून केस सुटणं हे अशिलाला यश वाटतं, वकिलाला मात्र आयुष्यभर टोचतं. मी दोन्ही अनुभवलंय.

कोवळं_ऊन

वकीलकाका, फार छान समजावलंत. आमच्याकडे ज्युरी कधी बंद झाली?

वकील_चिपळूणकर

@कोवळं_ऊन, 1959 च्या नानावटी खटल्यात मुंबईच्या सत्र न्यायालयात ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष म्हटलं, उच्च न्यायालयाने ते मानलं नाही. त्यानंतर ज्युरी हळूहळू हद्दपार झाली.

ज्युरीवरून आठवलं, मुंबई उच्च न्यायालयाच्या 46 नंबरच्या दालनात गेलात का कधी? लोकमान्यांवरचा 1908 चा राजद्रोहाचा खटला तिथे चालला. ज्युरी नऊ जणांची, निकाल सात विरुद्ध दोन, सहा वर्षांची शिक्षा. ज्युरीचा निकाल ऐकून टिळक जे बोलले ते आता दालनाबाहेर संगमरवरावर कोरलेलं आहे. त्या फलकाचं अनावरण 1956 मध्ये मुख्य न्यायाधीश छागला यांनी केलं. ज्या न्यायालयाने शिक्षा दिली त्यानेच आपल्या भिंतीवर आरोपीचं म्हणणं लावलं. कनिष्ठ वकील असताना मी तिथे पहिल्यांदा गेलो तेव्हा हातातली फाईल खाली ठेवून उभा राहिलो होतो. धागाकर्ते अर्धा तास का बसून राहिले ते मला नीट कळतं.

तारखाही बघा. टिळकांना शिक्षा 22 जुलै 1908, स्कोप्सला दंड 21 जुलै 1925.

सह्यकडा

+1. आणि यात आणखी एक धागा आहे. डेटनला सरकारपक्षाकडून उभे राहिलेले विल्यम जेनिंग्ज ब्रायन 1906 मध्ये जगप्रवासात हिंदुस्थानात येऊन गेले होते. परत गेल्यावर त्यांनी इथल्या ब्रिटिश राजवटीवर सणसणीत टीका लिहिली आणि आपल्या लोकांनी ती हातोहात पसरवली. म्हणजे टिळकांच्या खटल्याआधी दोनच वर्षं.

ब्रायन यांना फक्त 'बायबलवाले म्हातारे' म्हणून ओळखणाऱ्यांनी हेही वाचावं. तीनदा अध्यक्षपदाचे उमेदवार, अध्यक्ष विल्सन यांच्या मंत्रिमंडळात परराष्ट्रमंत्री, शेतकऱ्यांचे आणि कष्टकऱ्यांचे कैवारी. उत्क्रांतीला त्यांचा विरोध होता त्यामागे दुबळ्यांना चिरडणं हाच निसर्गनियम असं कुणी म्हणेल ही धास्तीही होती. त्या वादातल्या पाठ्यपुस्तकात सुप्रजननाचे (निवडक माणसांनीच वंश वाढवावा असे) विचार खरोखरच होते. तरी कायदा चूकच होता असं माझं ठाम मत आहे.

मेथीचा_लाडू

ब्रायन हिंदुस्थानात येऊन गेले होते हे आज पहिल्यांदा कळलं. या धाग्यावर यायचं सार्थक झालं.

निर्मळ_विहीर

मी दहावीला विज्ञान शिकवते, म्हणून थोडं अवांतर. 2023 मध्ये केंद्रीय अभ्यासक्रमाच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेला तेव्हा 1800 हून अधिक शास्त्रज्ञांनी आणि शिक्षकांनी निषेधाचं पत्र काढलं होतं. त्या दिवसांत मला डेटन सारखं आठवत होतं. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान भाग 2 मध्ये पहिलाच धडा 'अनुवंशिकता व उत्क्रांती' आहे. जूनमध्ये शाळा उघडली की मी त्यानेच सुरुवात करते. मुलं इतके प्रश्न विचारतात की दोन तासांचा धडा पाच तास चालतो.

स्कोप्सने तो धडा खरंच शिकवला होता का, हे त्याला स्वतःलाही नक्की आठवत नव्हतं. विद्यार्थ्यांनी साक्ष द्यावी म्हणून त्यालाच त्यांची तयारी करून घ्यावी लागली. माझ्या वर्गातल्या पोरांना कोर्टात उभं राहून मी काय शिकवलं ते सांगायला लावलं तर काय सांगतील, या विचाराने पोटात गोळा येतो.

कैरीचं_पन्हं

टीचर, तुमची पोरं 'बाईंनी चाचणी घेतली' एवढं नक्की सांगतील 😄

निर्मळ_विहीर

@कैरीचं_पन्हं, शंभर टक्के 😄

संपादक

पाठ्यपुस्तकांवर वेगळा धागा काढावा ही विनंती, इथे कोर्टाच्या इमारतीवरच राहू या.

रानजाई

मी 2018 मध्ये नॅशव्हिलहून गेले होते. कोर्टाच्या हिरवळीवर दोन पुतळे आहेत, धागाकर्त्यांनी त्यांचा उल्लेख कसा नाही केला? ब्रायन यांचा 2005 मध्ये बसवला. डॅरोंचा त्यानंतर बारा वर्षांनी, 2017 च्या जुलैत. मधली बारा वर्षं तिथे एकच बाजू उभी होती. डॅरोंच्या पुतळ्याला गावात विरोधही झाला.

मला प्रामाणिकपणे वाटतं की दोन्ही नकोत. अंगण मोकळं हवं होतं. त्या सोमवारी जे घडलं ते याच गवतावर. डॅरोंनी विरुद्ध पक्षाच्या वकिलालाच, ब्रायन यांनाच, बायबलचे जाणकार म्हणून साक्षीला बोलावलं. योनाला माशाने गिळलं ते खरं का? यहोशवाने सूर्य थांबवला म्हणजे नेमकं काय थांबलं? सृष्टीचे सहा दिवस चोवीस-चोवीस तासांचे का? ब्रायन म्हणाले, तसेच असतील असं नाही. एक 68 वर्षांचा, एक 65 वर्षांचा, दोघे कोट काढून घामाघूम, भोवती हजारोंची गर्दी, झाडांवर पोरं. रिकाम्या गवतावर उभं राहून हे डोळ्यांसमोर आणता येतं. ब्राँझचे पुतळे असले की लोक फोटो काढतात आणि निघतात.

जुना_पिंपळ

@रानजाई, पोरी, मी असहमत. पुतळा एकच असता तर तुझं पटलं असतं. आता दोन आहेत, आणि त्यामुळे येणारा माणूस विचारतो की हे दोघे कोण आणि भांडले कशावरून. एका बाजूचा पुतळा म्हणजे निकाल. दोन बाजूंचे म्हणजे खटला. ते कोर्टाच्या अंगणात शोभतं.

रानजाई

आजोबा, हे वाक्य मी लिहून ठेवतेय. तरी गवतच बरं होतं 🙂

घाटवाट

@रानजाई, पुतळे बघितले होते, पण वरच्या दालनाने इतका भारलो होतो की लिहायचे राहिले. मला आजोबांचं पटतं.

बांधकामवाला

मूळ प्रश्नाकडे येतो, कारण तो माझ्या धंद्यातला आहे. जुन्या वाड्यांची आणि सरकारी इमारतींची दुरुस्ती करतो, बावीस वर्षं झाली.

विटांच्या भारवाही भिंती आणि मधले मजले लाकडी तुळयांवर, अशी त्या काळची सर्वसाधारण पद्धत. अशा इमारतीत वरच्या मजल्यावर मोठं दालन ठेवलं की मध्ये खांब नको असतात, म्हणजे तुळयांचा गाळा (दोन आधारांमधलं अंतर) लांब होतो. लांब गाळ्याची तुळई आधी मोडत नाही, आधी लवते. आणि ती लवली की पहिली खूण खालच्या मजल्याच्या छतावर दिसते. गिलाव्याला तडे जातात.

आता वजन. आपल्या भारतीय मानकात घरासाठी चौरस मीटरला 2 किलोन्यूटन (एक किलोन्यूटन म्हणजे साधारण शंभर किलोंचा भार) धरतात, बसवलेल्या खुर्च्यांच्या सभागृहासाठी 4, आणि खुर्च्या पक्क्या नसतील तर 5. का? कारण माणसं खुर्चीत बसली की आपोआप अंतर राहतं. उभी राहिली की दाटतात. चौरस मीटरमध्ये सहा माणसं उभी राहिली, प्रत्येकी सत्तर किलो धरा, की 4 किलोन्यूटनच्या वर गेलंच. खटल्याच्या वेळी दालनात खुर्च्या भरून मधल्या वाटांत, भिंतींलगत, दारांत माणसं उभी होती. वर कॅमेरे, मायक्रोफोन, जादा टेबलं. आणि ही माणसं स्थिर नव्हती. टाळ्या वाजवत होती, पाय आपटत होती. गुरुवारी 16 जुलैला बचावाचे दुसरे वकील डडली फील्ड मॅलोन यांच्या भाषणाला तर सभागृह दणाणलं होतं. हलता भार लाकडाला जास्त जाचतो.

त्यामुळे मजल्याची भीती ही दंतकथा आहे असं मी म्हणणार नाही. न्यायाधीशांनी इमारतीची भीती वाटते असं भर कोर्टात बोलून दाखवलं होतं आणि खालच्या छताला तडे गेल्याचं त्यांच्या कानावर घातलं गेलं होतं. उकाडा होताच, तो रोज होता. शुक्रवारपर्यंत त्याच उकाड्यात त्याच दालनात कामकाज चाललं. सोमवारी बदललं ते तड्यांमुळे, असं मला वाटतं. दुपारच्या सुट्टीनंतर खाली आले, आणि प्रवचनांसाठी भिंतीला लागून उभारलेला लाकडी मंच तयार होताच.

आमच्याकडे एका तालुक्याच्या जुन्या कोर्टात असंच झालं होतं. एका गाजलेल्या केसच्या निकालाला इतकी माणसं वरच्या मजल्यावर चढली की खाली कागदपत्रांच्या नकला देण्याच्या खोलीत शिरस्तेदारांच्या टेबलावर चुना पडायला लागला. पट्टेवाला धावत वर गेला आणि त्याने गर्दी खाली उतरवली. दुसऱ्या दिवशी मला बोलावणं आलं. तुळया काढून बघितल्या, भिंतीत घुसलेली टोकं वाळवीने पोकळ झालेली. त्या पट्टेवाल्याने किती जणांचे प्राण वाचवले ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. म्हणून इथे लिहितो.

घाटवाट

@बांधकामवाला, हात जोडले. यासाठीच धागा काढला होता.

वकील_चिपळूणकर

त्या मंचाजवळच 'बायबल वाचा' असा मोठा फलक होता. ज्युरीला तो दिसेल म्हणून डॅरोंनी हरकत घेतली आणि तो उतरवावा लागला. कामकाजाची जागा बदलली की असे नवे मुद्दे उभे राहतात. वरच्या दालनात राहिले असते तर हा वाद झालाच नसता.

बांधकामवाले, तुमच्या पट्टेवाल्याला माझा नमस्कार सांगा, असतील तर.

बांधकामवाला

निवृत्त होऊन गावी असतात. सांगतो नक्की.

कोवळं_ऊन

ब्रायन लगेच वारले ना?

सह्यकडा

@कोवळं_ऊन, हो. निकाल मंगळवारी, आणि त्यानंतरच्या रविवारी, 26 जुलैला, दुपारच्या जेवणानंतर झोपेतच गेले. डेटनमध्येच. त्यांच्या नावाचं कॉलेज 1930 मध्ये गावात सुरू झालं, अजून आहे. स्कोप्स शिकागोला भूशास्त्र शिकायला गेले आणि पुढे तेल-वायूच्या क्षेत्रात काम केलं. खटल्यावर नाटक आलं, 1960 मध्ये चित्रपट आला, त्याच्या खेळासाठी ते डेटनला परत आले होते.

रानजाई

इमारत टिकली कशी यावर कुणीच लिहिलं नाही. 1970 च्या दशकात ती चांगलीच जीर्ण झाली होती. 1976 मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू म्हणून मान्यता मिळाली आणि त्या दशकाच्या अखेरीस सुमारे दहा लाख डॉलर खर्चून डागडुजी झाली. तळघरातलं संग्रहालय तेव्हाचंच. दर जुलैला त्याच दालनात खटल्याच्या नोंदींवर आधारलेलं नाटक स्थानिक लोक करतात. औषधवाला, शेतकरी, शिक्षक हेच नट. 2025 मध्ये शंभर वर्षं झाली.

बांधकामवाला

दुरुस्तीत मजल्याचं काय केलं ते बघायला मला तिथे जायचंय. खालून तुळया दिसतात का हो?

घाटवाट

@बांधकामवाला, छत झाकलेलं आहे, तुळया दिसत नाहीत. पण मी जुलैत नाटकाला पुन्हा जाणार आहे. संग्रहालयात विचारून बघतो आणि इथे लिहितो. कुणाला सोबत यायचं असेल तर गाडीत तीन जागा आहेत.

सह्यकडा

एक जागा माझी. मी अटलांटाहून चॅटनूगापर्यंत येतो.

मेथीचा_लाडू

आणि फोटो! खिडक्यांचे! पहिल्या प्रतिसादापासून मागतेय.

घाटवाट

मेथीताई, आज रात्री टाकतो. नक्की.